निकितिनची वाट आणि नदीकाठची उद्याने

रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि काही वर्षांनी दाभोळहून परतीच्या जहाजात बसला. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला पोहोचण्याच्या निदान दोन तपे आधीची ही गोष्ट. चौल-रेवदंडा कुंडलिकेच्या मुखावर, जुन्नर कुकडीच्या काठी आणि दाभोळ वाशिष्ठीच्या मुखावर. त्याच्या प्रवासातली महाराष्ट्रातली तीन ठळक ठिकाणे अशी नदीला लागून आहेत. शोधयात्रेचे स्मरण करणारी नदीकाठची उद्याने राज्यात आखायची, तर याहून सकस विषय सापडणे कठीण आहे.

या प्रवासाची आज दिसणारी खूण म्हणजे रेवदंड्यातल्या शाळेच्या आवारातला काळ्या दगडाचा स्तंभ. त्वेरमध्ये व्होल्गाकाठी 1955 साली निकितिनचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. त्याची बैठक जुन्या रशियन नौकेच्या आकाराची आहे. लिस्बनला ताग्युस नदीच्या काठी 1960 साली दर्यावर्दींचे 52 मीटर उंचीचे स्मारक झाले. दोन्ही ठिकाणी सारी रचना प्रवाशाभोवती फिरते. ज्या किनाऱ्यांवर हे प्रवासी पोहोचले, तिथल्या माणसांना तीत जागा नाही.

अमेरिकेत लुइस आणि क्लार्क यांच्या 1804 ते 1806 च्या मोहिमेचे स्मरण करताना रचनाकार माया लिन यांनी निराळा मार्ग धरला. कोलंबिया नदीच्या खोऱ्यातल्या त्यांच्या रचना तिथल्या मूळ जमातींना सोबत घेऊन झाल्या. सँडी नदीच्या त्रिभुज प्रदेशात त्यांनी लाकडी पक्षिनिरीक्षण-आडोसा उभारला. मोहिमेच्या नोंदींतल्या 134 प्राणी-पक्ष्यांची नावे आणि त्यांची आजची स्थिती त्याच्या पट्ट्यांवर कोरलेली आहे. प्रवाशाची वही हाच तिथे उद्यानाचा आराखडा झाला.

निकितिनच्या वहीतही असा ऐवज भरपूर आहे. चौलहून पाली आठ दिवस, पालीहून उमरी दहा दिवस, तिथून पुढे जुन्नर, असा हिशेब त्याने दिला आहे. जुन्नरला त्याला पावसाळ्यात थांबावे लागले. चार महिने जिकडेतिकडे पाणी आणि चिखल, त्या दिवसांत चाललेली गहू, भात, हरभऱ्याची पेरणी, घोड्यांना घातला जाणारा हरभरा आणि खिचडी, एका वेळी एकच माणूस चढू शकेल अशी गडाची अरुंद वाट, हे सगळे त्याने टिपले. तिथल्या खानाने त्याचा घोडा हिसकावून घेतला. खुरासानच्या एका खोजाने रदबदली करून तो परत मिळवून दिला. कुकडीकाठच्या उद्यानाला विषय म्हणून एवढे पुरेसे आहे. तिथे पुतळ्याआधी हरभऱ्याचा वाफा आणि पावसातही चालता येईल अशी दगडी वाट हवी. फलकावर सन लिहिताना मात्र जपावे: भारतातला मुक्काम काही अभ्यासक 1469 ते 1472 मानतात, काही 1471 ते 1474. दोन्ही मते लिहावीत.

बांधकामाचा विचार पूररेषेपासून सुरू झाला पाहिजे. जलसंपदा विभागाची निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बाग आणि खेळाचे मैदान यांसारखा मोकळा वापरच चालतो. उपाहारगृह, प्रदर्शन-दालन, स्वच्छतागृह यांची जागा लाल रेषेबाहेर. काठावर सिमेंटची भिंत घालून जमीन मिळवण्याचा मोह घातक आहे. 14 ऑक्टोबर 2020 रोजी पंढरपुरात कुंभार घाटाची नवी भिंत कोसळून सहा जणांचे प्राण गेले, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ यांची मुळे माती धरतात आणि पुरातही तग धरतात. रेवदंडा व दाभोळ इथे भरती-ओहोटी, किनारा नियमन क्षेत्राचे नियम आणि कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टा आधी नकाशावर आखावा लागेल. जवळ केंद्रीय संरक्षित स्मारक असेल, तर त्याच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही.

सोलापूरकडे वळलो, तर या वाटेशी त्याचा संबंध शेजाराचा आहे. निकितिनने वर्णन केलेला आळंदचा घोडेबाजार अक्कलकोटपलीकडे, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात भरत असे. रात्री घुमणाऱ्या पक्ष्याची त्याची नोंदही आळंदचीच. सोलापूर शहराला मात्र नदीकाठ नाही. शहरातल्या सात रस्ता चौकाकडून विजापूर रस्त्याने मंद्रूपमार्गे गेल्यावर हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना यांचा संगम लागतो. निकितिनने या संगमाचा उल्लेख केलेला नाही. त्याचे नाव तिथे चिकटवणे हा इतिहासावर अन्याय होईल. कुडलकडे शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आणि 359 मुखांचे शिवलिंग आहे. तिथल्या काठाची आखणी याच ऐवजावर व्हावी.

रेवदंडा, जुन्नर आणि दाभोळ इथल्या स्थानिक संस्थांनी एकच नकाशा, एकच फलकशैली आणि पूररेषेची एकत्रित पाहणी यांवर आधी सहमती करावी. शिल्पकाराला बोलावणे त्यानंतर.