पुरुषाच्या अंगातले ‘बायकी’ हार्मोन



गेल्या महिन्यात विहारात वंदना आटोपून आम्ही चपला शोधत होतो, तोच वस्तीतले एक बांधव जवळ आले. “भाऊ, जरा बाजूला येता का?” म्हणाले. वय चाळिशीच्या घरात, कारखान्यात हेल्पर, दोन लेकरांचे बाप.

वर्षभर त्यांना अंगात त्राण नव्हते, पत्नीजवळ जाण्याची इच्छा होत नव्हती. डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी दोन वेळा रक्त तपासले. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन फार कमी निघाले, म्हणून दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन सुरू केले. बरे वाटू लागले. पण चार महिन्यांनी छाती सुजल्यासारखी झाली, बोंडे दुखू लागली. लाजेपायी डॉक्टरांकडे न जाता ते व्यायामशाळेतल्या एका पोराकडे गेले. त्याने गोळ्या आणून दिल्या, म्हणाला, “काका, ह्या बायकी हार्मोन मारून टाकतात.” छातीचे दुखणे थांबले, पण सांधे धरले आणि इच्छा पहिल्यापेक्षाही मेली. “आता हे सांगू कोणाला?” असे म्हणून ते खाली बघू लागले.

आम्ही कारकून माणूस, डॉक्टर नव्हे. पण माहितगार डॉक्टरांना विचारून जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

इस्ट्रोजेन हे बाईचेच, ही समजूत चुकीची आहे. ते पुरुषाच्या अंगातही असते आणि टेस्टोस्टेरॉनपासूनच बनते. हे काम मुख्यतः अंगातल्या चरबीत चालते, म्हणून पोट सुटलेल्या माणसात ते जास्त बनते. इंजेक्शननंतर पहिले काही दिवस टेस्टोस्टेरॉन एकदम चढते, त्याबरोबर इस्ट्रोजेनही चढते. छाती दुखते ती बहुधा त्यामुळे. मात्र छातीत कडक गाठ लागली, तर उशीर न करता दाखवावी.

म्हणून इस्ट्रोजेन मारायचे काय? मुळीच नाही. पुरुषाची हाडे त्यावर टिकतात, कामेच्छाही त्यावर अवलंबून असते. अमेरिकेत 2013 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 20 ते 50 वर्षांच्या निरोगी पुरुषांना टेस्टोस्टेरॉन दिले आणि त्यांपैकी काहींचे इस्ट्रोजेन गोळ्यांनी रोखले. ज्यांचे रोखले त्यांची चरबी वाढली आणि इच्छाही घटली. आपल्या बांधवाचे नेमके हेच झाले होते. व्यायामशाळेत वाटल्या जाणाऱ्या ॲनास्ट्रोझोलसारख्या गोळ्या मुळात स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगावरच्या आहेत, हे त्या पोराला तरी ठाऊक असेल काय?

आणखी एक गोष्ट, आणि ती आम्हांला फार सलते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते आणि त्याबरोबर शुक्रजंतूही घटतात, कधी कधी पार संपतात. इंजेक्शन थांबवल्यावरही ते परतायला कित्येक महिने लागतात. दंड फुगवण्यासाठी चिठ्ठीवाचून सुया टोचून घेणारी पोरे आपल्याही वस्तीत आहेत. उद्या त्यांची लग्ने होतील, मूल होणार नाही आणि सासू सुनेला वांझ म्हणेल. तपासणीला आधी सुनेलाच धाडतील. लेकाने कोणती सुई टोचून घेतली, हे कोण विचारणार?

असले विषय कौटुंबिक पानावर कशाला, असे कोणी म्हणतील. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देत, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 साली मुंबई हायकोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण ज्या प्रश्नांसाठी बाबासाहेब कोर्टात उभे राहिले, ते प्रश्न विचारायला आपण लाजावे काय?

आमच्या त्या बांधवांना आम्ही एवढेच म्हणालो, “वहिनींना बरोबर घ्या आणि डॉक्टरांना गोळ्यांसकट सगळे सांगा.” आठ दिवस ते टाळत होते. शेवटी वहिनींनीच खाडा करून त्यांना इस्पितळात नेले. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, इंजेक्शनची मात्रा कमी करून ते लवकर लवकर घ्यायला सांगितले. टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होऊ शकते, म्हणून तीही तपासणी लिहून दिली. मागच्या रविवारी दोघे वंदनेला जोडीने आले होते. सांधे अजून दुखतात म्हणाले. रक्ताचा रिपोर्ट यायचा आहे.