ऐकू येते, पण कळत नाही

‘ऐकू येते, पण कळत नाही,’ असे वयोवृद्ध माणसे म्हणतात, तेव्हा घरची मंडळी बहुधा हसतात. आजोबांना हवे तेवढेच ऐकू येते, असा शेराही मारला जातो. आमच्या मते हा शेरा अन्यायाचा आहे. आणि तो का, हे समजण्यासाठी ऐकणे म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

लग्नाच्या मांडवात बॅण्ड, भांडी, रडणारी मुले आणि दहा जणांचे बोलणे हे सारे ध्वनी कानाच्या पडद्यावर वेगवेगळे येत नाहीत. हवेतच मिसळून त्यांची एकच लहर होते. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट ब्रेगमन यांनी यासाठी सुरेख दृष्टांत दिला आहे. तळ्याच्या काठी दोन अरुंद चर खणावेत, प्रत्येकात एकेक हातरुमाल ताणून बांधावा, आणि केवळ रुमालांची हालचाल पाहून सांगावे, की तळ्यात होड्या किती, जवळची कोणती, वारा सुटला आहे काय! अशक्यच म्हणाल. पण आपले दोन कान अष्टौप्रहर हेच करीत असतात.

याची युक्ती अशी. मानवी स्वर एकेरी नसतो. मूळ कंपने सेकंदाला २०० असली, तर सोबत ४००, ६००, ८०० अशा पटींचीही निघतात. जी कंपने अशा एका पटीत बसतात आणि एकाच क्षणी सुरू होतात, ती एकाच गळ्यातली असे मेंदू धरून चालतो. आवाजाची दिशाही मदतीला येते. १९५३ साली कॉलिन चेरी यांनी एकाच माणसाच्या आवाजातील दोन निवेदने एकत्र करून दोन्ही कानांत ऐकवली, तेव्हा श्रोते मेटाकुटीस आले. एकेका कानात एकेक ऐकवताच काम सोपे झाले. मात्र लक्ष नसलेल्या कानात वक्ता मध्येच जर्मन बोलू लागला, तरी ते त्यांच्या ध्यानात आले नाही. प्रवचनकारांनी हे मनास लावून घेऊ नये!

ब्रेगमन यांनी १९७१ साली एका सहकाऱ्यासह तीन उंच व तीन खालचे स्वर आळीपाळीने, झपाट्याने ऐकवले. ऐकणाऱ्यांना ते एका रांगेत वाटेनात; उंचांचा एक प्रवाह आणि खालच्यांचा दुसरा झाला, आणि कोणत्या उंच स्वरामागून कोणता खालचा आला हे सांगता येईना. गवयांना व वादकांना हे मर्म फार पूर्वीच गवसले होते. बाख यांच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या, १७२० सालच्या रचना ऐकाव्यात. गज एक, पण वाटते दोघे वाजवीत आहेत.

आता आजोबांकडे वळू. अंतःकर्णातील केसासारख्या सूक्ष्म पेशी वयाबरोबर झिजतात आणि पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे आवाज मंद होतो एवढेच नव्हे. जवळजवळचे स्वर निरनिराळे ओळखण्याची शक्तीही बोथट होते. मग निवड करण्यास मेंदूजवळ धड साहित्यच उरत नाही. म्हणूनच ओसरीवर दोघेच असता छान गप्पा मारणारे आजोबा पंगतीत गप्प होतात, आणि हळूहळू पंगतीलाच येईनासे होतात. श्रवणयंत्र उपयोगी खरे, पण ते शब्दांबरोबर गलबलाही वाढविते. ओरडूनही विशेष साधत नाही. टीव्ही बंद करावा, तोंडावर उजेड पडेल असे समोर बसावे, एका वेळी एकानेच बोलावे. आणि कानांची तपासणी पुढल्या वर्षावर ढकलू नये.