‘निर्मनुष्य’ अरण्य

आमच्या महाड-पोलादपुराकडील घराण्यांचे कुलवृत्तांत मीं आवडीनें जमविले आहेत. त्यांचा पहिला अध्याय बहुधा एकच असतो : मूळ पुरुष आला, त्यानें निर्मनुष्य अरण्य तोडलें व गांव वसविला. आमच्या घरच्या ग्रंथाचाही आरंभ हाच. तेव्हां माझी तक्रार घरापासूनच सुरू होते.

मांदाडच्या खाडीवर कुडें येथें २६ लेणीं आहेत. इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतील तेथील ब्राह्मी लेखांत मांदव कुळांतील महाभोजांचीं नांवें आढळतात. दात्यांमध्यें माळी आहे, वैद्य आहे, आणि करहाकडचा, म्हणजे आपल्या कऱ्हाडचा, महिक नांवाचा लोखंडाचा व्यापारी आहे. कऱ्हाड सह्याद्रीपलीकडे! हा गृहस्थ घाट उतरला तेव्हां त्याला मुक्कामास जागा, जनावरांस वैरण आणि वाट दाखविणारा माणूस कोणी पुरविला? महाडजवळ गांधारपाल्याच्या लेण्यांत कुमार काणभोअ व्हेणुपालित याचें नांव कोरलेलें आहे. डोंगर ओस असते तर हे भोज भोगीत तरी काय होते? लेणीं भिक्षूंचीं, त्यांवरून वस्ती सिद्ध होत नाहीं, असें एका विद्वान् मित्रांनीं मला बजावलें. पण भिक्षु भिक्षेवर जगतो, आणि वाघ कांहीं भिक्षा घालीत नाहींत.

कित्येकांचा इतिहास तर १६५६ सालीं जावळी पडली तेथूनच उगवतो. शिवाजीमहाराजांनीं रायरी घेतली ती मोऱ्यांकडून, अरण्याकडून नव्हे.

हा केवळ पंडिती वाद असता तर मीं लेखणी उचलली नसती. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें डोंगरमाथ्यावरील धनगराला, तो अनुसूचित जमातींत नसल्यामुळें, आपल्या पिढ्यांचें ७५ वर्षांचें वास्तव्य सिद्ध करावें लागतें. खैराच्या कातावरून ज्याचें नांव पडलें तो कातकरीही दळीच्या तुकड्यासाठीं कागद शोधीत फिरतो. आम्हांस मात्र कोणी पुरावा विचारीत नाहीं. आमचें ‘निर्मनुष्य’ छापलें कीं झालें! शिवाय मूळ पुरुषानें कुऱ्हाड स्वतःच्या हातीं धरली होती, असें एकाही कुलवृत्तांतांत मला आढळलें नाहीं. १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. खोताचें अरण्य तेवढें ग्रंथांतून उभें आहे.

आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ति निघावयाची आहे. तींतून तो शब्द गाळावा, अशी सूचना मीं घरच्या बैठकींत केली. थोरले काका बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “अरे, पण मग आपण केलें तरी काय?”