आमिष घरचे की बाजारचे?

गळाला लावण्याचे आमिष घरी मळावे की बाजारातून बांधून आणावे, हा प्रश्न अग्रलेखास शोभणारा नाही, असे काही वाचकांस वाटेल. ज्या किनाऱ्यावर मासळीवाचून जेवणाचे ताट पुरे होत नाही, तेथे तरी तो क्षुल्लक मानू नये, असे आम्हांस वाटते. ताटातल्या माशाची चौकशी आपण भावापासून करतो. तो गळाला कशाने लागला, हे विचारीत नाही.

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या बेज्जूरचा दाखला घ्या. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील हा मंडल 2016 च्या पुनर्रचनेनंतर कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेला. त्याच्या कडेने प्राणहिता वाहते आणि पैलतीरावर आपला गडचिरोली जिल्हा आहे. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून निघालेली ही नदी सुमारे 113 किलोमीटर वाहून कालेश्वरमजवळ गोदावरीस मिळते. एका काठावर तेलुगू, दुसऱ्यावर मराठी आणि दोन्ही काठांवर गोंडी. मासा मात्र भाषा पाहून गळाला लागत नाही. त्याला कळते ते फक्त आमिष.

आमिष करणे म्हणजे माशाचा स्वभाव ओळखणे होय. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. मरळ शिकारी, तिला बेडूक किंवा लहान मासोळी हवी, पिठाच्या गोळीकडे ती ढुंकूनही पाहणार नाही. गोळी किती घट्ट मळावी, पेंड किती घालावी, वाहत्या पाण्यात ती किती वेळ टिकेल, गढूळ पाण्यात गांडूळ का चालते, याची उत्तरे पुस्तकात नसतात. ती काठावर बसणाऱ्याच्या बोटांत असतात.

पुस्तके मुळीच नाहीत, असेही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची रीत त्यात सांगितली आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनने 1653 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मध किंवा साखर घालून मळलेल्या गोळ्यांचा उल्लेख केला, त्याच्या पाचशे वर्षे आधीची ही गोष्ट. राजाला जे लिहून ठेवावेसे वाटले, ते आपणांस आज पुडीत बांधून मिळते, म्हणून विसरावयाचे काय?

तयार आमिषाची बाजू आम्ही नाकारीत नाही. आठवडाभर कचेरीत राबून रविवारी पुलाच्या कठड्याशी उभ्या राहणाऱ्या माणसाला चिखल उपसून गांडुळे काढण्याची सवड नसते. तयार आमिष टिकते, हात खराब करीत नाही. शिवाय घरचे ते सारे निर्दोष, असेही नव्हे. गळासाठी कोळंबीची पिल्ले उपसणारा घरगुती आमिषच वापरतो, पण उद्याची कोळंबी आजच संपवितो. स्वदेशीच्या नावाने असल्या उधळपट्टीवर पांघरूण घालणे आम्हांस मान्य नाही.

तथापि दोन्ही पारडी समान नाहीत. कणकेची गोळी गळावरून सुटली तर दुसरा मासा ती खातो. रबरी वा प्लॅस्टिकची मासोळी तुटली तर ती वर्षानुवर्षे पाण्यातच राहते. घरच्या गोळीत काय आहे हे मळणाऱ्यास ठाऊक असते. पुडीतील रंग व वास कशाचे, हे छापलेले नसेल तर कोण सांगणार? आणि पोटासाठी गळ टाकणाऱ्याने रोज विकतचे आमिष लावावयाचे ठरविले, तर मासा लागण्यापूर्वीच त्याच्या खिशातून पैसे गेलेले असतात. मासा लागला नाही, तर गळाला लागला तो तोच.

मांडवी-जुवारीच्या काठी गरी टाकणाऱ्यांस हे वेगळे सांगावयास नको. चणाक, म्हणजेच जिताडा, जिवंत सुंगटावर झडप घालतो. काळुंदराची चव निराळी, शेवट्याची निराळी. मानशीच्या तोंडाशी भरती-ओहोटी पाहून बसणारा म्हातारा हे जाणतो. त्याच्या नातवास दुकानाचा पत्ता तेवढा ठाऊक असतो.

आमची मागणी साधी आहे. मत्स्यव्यवसाय खात्यांनी आमिषाच्या पुडीवर घटक छापणे सक्तीचे करावे. तलावांत व खाड्यांत प्लॅस्टिकच्या आमिषास आळा घालावा. आणि प्राणहितेपासून मांडवीपर्यंतच्या काठांवरील जाणत्या माणसांकडून माशांची स्थानिक नावे व आमिषाच्या कृती टिपून मराठीत एक लहानसे पुस्तक काढावे. हे काम खर्चाचे नाही, पण ती माणसे आहेत तोवरच ते करता येईल.

कुमरम भीम 1940 साली निजामी सत्तेशी झुंजताना पडले. जल, जंगल, जमीन यांवरील हक्काची घोषणा त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे. पाण्यावरचा हक्क कागदावर मिळाला, पण पाण्याची जाण हातून गेली, तर त्या हक्काचे मोल किती उरेल? नदी आपली आणि तिची ओळख मात्र दुकानदाराकडून उसनी, ही स्थिती कोणत्याही काठाला भूषणावह नाही.