दोन सेंटिमीटरांतील शिस्त

छंद आणि व्यवसाय ही दोन निराळी दालने आहेत, असे आपण सहसा मानतो. तिकिटसंग्रहाच्या बाबतीत मला तसे वाटत नाही. टपाल तिकिटाच्या दंतुर कडा मोजण्याची आज जगभर रूढ असलेली पद्धत झाक लग्रां या फ्रेंच डॉक्टरांनी १८६६ साली घालून दिली. दोन सेंटिमीटर लांबीत किती छिद्रे बसतात ते पाहायचे, एवढीच ती पद्धत. त्या मोजपट्टीचे नाव 'ओदोंतोमेत्र', म्हणजे दंतमापक. आम्हा बालरोगतज्ज्ञांना ते विशेष आपलेसे वाटावे!

१८४० चे 'पेनी ब्लॅक' कात्रीने कापावे लागे. आपल्याकडील १८५४ ची तिकिटेही बिनछिद्रीच होती. पुढे छिद्रे पाडणारी यंत्रे रुळली आणि यंत्रागणिक छिद्रांमधील अंतर बदलू लागले. त्यामुळे चित्र, रंग आणि किंमत तीच असूनही दोन छपाया निराळ्या ठरतात. '१४ × १३½' असे लिहिले असेल, तर पहिला आकडा आडव्या कडेचा व दुसरा उभ्या कडेचा. शेजारच्या गोव्यात १८७१ पासून स्थानिक छपाईची पोर्तुगीज तिकिटे निघाली. त्यांचे प्रकार लावताना कागदाइतकेच छिद्रमाप महत्त्वाचे ठरते. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेली, स्वित्झर्लंडमध्ये छापलेली गांधीजींची तिकिटे ११½ मापाची आहेत. त्यांतील दहा रुपयांच्या तिकिटाची नक्कल केली जाते. अशा वेळी मोजपट्टी ही पहिली परीक्षा; कागद आणि छपाईची तपासणी त्यानंतर.

मुरलेला संग्राहकसुद्धा 'मला दिसते ना' असे म्हणून थांबत नाही. तो पट्टी लावतो. आम्ही डॉक्टर मात्र पुष्कळदा नजरेवर विसंबतो. अंगभर कपड्यांतले, गोबऱ्या गालांचे मूल पाहून 'प्रकृती बरी आहे' असे म्हणून मोकळे होतो. आईही सांगते, 'बाळ बारीकच आहे, वडिलांवर गेलंय.' आणि विषय तेथेच संपतो.

योगायोग असा की, ११½ हाच आकडा आमच्याही शास्त्रात आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण होय. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ही मर्यादा २००९ साली स्वीकारली. ११.५ ते १२.५ च्या दरम्यानचे मूलही जपण्याजोगे. डाव्या दंडाच्या मध्यावर पट्टी लावायची. ती आवळायची नाही, सैलही सोडायची नाही. अर्धा मिनिट पुरते. अर्थात पायांवर सूज असेल, तर घेर फसवा ठरतो. तिकिटाची छाटलेली कड जशी फसवते, तसेच हे. म्हणून वजन, उंची आणि सूज हेही पाहावे लागते.

हे काम अंगणवाडीताईंचे आहे, असे कोणी म्हणेल. त्या ते करतातच. परंतु निपाणीच्या तंबाखू वखारीत राबणारी आई मूल तापाने फणफणले की रोजगार बुडवून आपल्याच दवाखान्यात येते. ती भेट केवळ तापाच्या औषधावर संपू नये. ज्याचे दंडमाप कमी भरते, त्याचा साधा जुलाब अथवा न्यूमोनियाही जिवावर बेतू शकतो.

माझे मत स्पष्ट आहे. बेळगाव-निपाणी परिसरातील प्रत्येक दवाखान्यात, मग तो बालरोगतज्ज्ञाचा असो वा कुटुंबवैद्याचा, टेबलावर स्टेथोस्कोपशेजारी ही पट्टी असावी. पाच वर्षांखालील प्रत्येक बालकाच्या केसपेपरवर दंडाचे माप लिहिले जावे आणि पुढच्या भेटीत ते पुन्हा घेतले जावे. आपल्या संस्थेने याचा आरंभ करावा, अशी सर्व सहव्यावसायिकांना नम्र विनंती.