न दिसणारा बिघाड

यंत्र बंद पडले की बिघाड सर्वांना दिसतो. यंत्र सुरळीत चालल्याचा भास होत असताना जो बिघाड आत दडून बसतो, तोच घात करतो. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकावर कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला; रुळांचा सांधा मात्र लूप मार्गाकडे वळलेला होता. गाडी तेथे उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक माणसे प्राणास मुकली.

सांधा योग्य जागी बसल्याचा निरोप आल्याखेरीज हिरवा दिवा लागू नये, हा सिग्नल यंत्रणेचा मूळ नियम. येथे तो निरोपच खोटा होता. फाटकाजवळील सिग्नलच्या जोडणीत पूर्वी व त्या दिवशी केलेल्या फेरफारांतील चुका रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत उघड झाल्या.

सिग्नल, सांधे, फाटके यांची व्यवस्था एकामागून एक घडणाऱ्या सुट्या घटनांवर चालते. अशा व्यवस्थांसाठी मीरा संपत व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक कसोटी मांडली: बिघाड झाल्यावर मर्यादित संख्येच्या घटनांच्या आत, दिसणाऱ्या खुणांवरून तो निश्चितपणे ओळखता आला पाहिजे. धडधाकट व बिघडलेली व्यवस्था सारख्याच खुणा दाखवीत राहिली, तर दक्षातला दक्ष माणूसही हतबल ठरतो. म्हणूनच दुरुस्तीनंतर सांधा प्रत्यक्ष फिरवून, रुळावरची स्थिती व फलकावरचा दिवा यांचा मेळ तपासण्याला पर्याय नाही.

बहानग्यात तर खुणाही मिळत होत्या. सांध्यांचे विचित्र वर्तन पुन्हापुन्हा दिसूनही ते सिग्नल विभागाला कळविले गेले नाही, असे अहवाल सांगतो. त्याच खरगपूर विभागात बांकरा नयाबाज येथे १६ मे २०२२ रोजी चुकीच्या तारजोडणीमुळे असाच प्रकार घडला होता. तेव्हाच उपाय झाले असते, तर हा अपघात टळला असता, असाही अहवालाचा निष्कर्ष आहे.

जुलै २०२३ मध्ये तीन कर्मचाऱ्यांना अटक झाली. त्यांचा दोष ठरविणे न्यायालयाचे काम आहे. परंतु आरोपी सापडला म्हणजे रोगाचे निदान झाले, असे मानणे आत्मवंचना होय. कनिष्ठ कर्मचाऱ्याने नोंदविलेली क्षुल्लक तक्रार वरपर्यंत पोहोचते काय आणि तिच्यावर कारवाई होते काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर होकारार्थी येईपर्यंत हिरव्या दिव्यावर प्रवाशांनी विसंबावे तरी कसे?