विश्लेषण : पाचवीपर्यंत चित्रकला शिकवायची कोणी?

भेंडीचे ठसे, पोळ्याचे मातीचे बैल, जुन्या लग्नपत्रिकांची भेटकार्डे... नाशिकच्या द्वारका परिसरातील शाळा असो की सुरगाण्याच्या पाड्यावरची, कलेच्या तासाला असे काही होणार की नाही, हे बहुतेकदा वर्गशिक्षकांच्या हौसेवर ठरते. कारण कायद्यातच आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीसाठी, तीही पट १०० च्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, एवढाच हिशेब. म्हणजे छोट्या शाळेत दोघांनी पाच इयत्ता सांभाळायच्या, नोंदी ठेवायच्या आणि रंगही कालवायचे.

प्रगतिपुस्तकात मात्र कला आहे. राज्याने २०१० मध्ये आणलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात कलेला संकलित परीक्षा नाही; आकारिक नोंदींवरून श्रेणी द्यायची. कल्पना उत्तम. पण तास न होताही रकाना भरता येतो, त्याचे काय?

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० कलेच्या आधारे इतर विषय शिकवा, असे सांगते. कागदाच्या घड्या घालून अपूर्णांक शिकवणे चांगलेच; मात्र त्यात कागद गणिताच्या कामी लागतो, मुलाच्या मनातले चित्र राहूनच जाते.

पालकसभेत श्रेणी विचारण्याऐवजी वर्षभराची चित्रे पाहायला मागा. सगळ्या वर्गाचे डोंगर, सूर्य आणि झोपडी एकसारखीच निघाली, तर ती बहुधा फळ्यावरून उतरवलेली असतात.